रेटिंगला तीट

दीपमालाच्या हॉटेलला पाचपैकी पाच रेटिंग आहे हे कळलं, तेव्हा घरातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. दीपमालाला आनंद झाला. सासरे नाथाजी यांना संशय आला. आणि सासूबाई मनुबाई यांना भीती वाटली.

पलूसहून तासगावला जाताना ऊस मागे पडून द्राक्षबागा सुरू होतात, तिथल्या एका वळणावर नाथाजींचे दोन गाळे आहेत. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते हौसेनं बांधले आणि पुढं काय करायचं ते न सुचल्यामुळं त्यात ठिबकच्या नळ्या भरून ठेवल्या. दीपमाला सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला वाटायचं, आपल्या हाताला चव आहे तर ती घराबाहेरच्या चार माणसांनाही कळावी. नवरा वीरधवल फौजेत, तिकडं राजस्थानात. त्याची संमती एका फोनवर मिळाली. सासऱ्यांची मिळवायला वर्ष गेलं. शेवटी नाथाजींनी नळ्या हलवल्या, पण मुदत घालून.

"दसऱ्यापातूर चाललं तर गाळं तुजं," ते म्हणाले. "न्हाई चाललं तर भाऊसोला. त्याला खताच्या दुकानाची दुसरी ब्रँच काढायची हाय."

भाऊसो म्हणजे मनुबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचं पलूसला खताचं दुकान होतं आणि नाथाजींच्या गाळ्यांवर त्यांचा फार दिवसांपासून जीव होता. एकदा ते बहिणीला भेटायला म्हणून आले आणि जाताना गाळ्यांची मापं घेऊन गेले.

अशा परिस्थितीत 'दीपमाला अख्खा मसूर' सुरू झालं. चमचमीत मसूर, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि दही, एवढाच मेनू. मसूर दीपमालाचा, भाकरी मनुबाईंची. दीपमालानं हॉटेल फोनवरच्या नकाशात टाकलं आणि जेवून गेलेली माणसं तिथं चांदण्या देऊ लागली. दीपमाला रिकाम्या वेळात इंग्रजी बोलायला शिकवणारे व्हिडिओ बघायची, त्यामुळं रेटिंगबद्दल नुसतं 'चांगलं' आणि 'वाईट' म्हणणं तिला बरं वाटेना. हळूहळू सगळ्या घराला तिची भाषा आली. नाथाजींना तर ती फारच आवडली, कारण ती त्यांना पलटणीतल्या रिपोर्टसारखी वाटायची. संध्याकाळच्या चहाला ते खुर्चीत ताठ बसून सुनेची हजेरी घेत.

"ओव्हरऑल रेटिंग?"

"पाच पॉइंट शून्य, मामा."

"कालच्यापरीस?"

"मेंटेन आहे."

"पुअर रेटिंग कुणाचं?"

"एकाचंही नाही."

"आसं कसं?" नाथाजींनी मिशीवरचा चहा पुसला. "तीस वर्सं पलटनीच्या लंगरात जेवलो. पाचपैकी पाच द्यावं आसं जेवान मी बघितल्यालं न्हाई. मानसं खोटं बोलत असतील."

त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक आजवर बाहेर पडलं नव्हतं. दीपमालाच्या मसुराची दुसरी वाटी मागताना ते फक्त "उरलाय का?" एवढंच विचारायचे.

त्याच आठवड्यात तासगावच्या एका बेदाणा कंपनीतून जयराज नावाच्या मॅनेजरचा फोन आला. सौद्याच्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी यायचे, त्यांच्या जेवणाची कायमची सोय त्याला लावायची होती. हे काम मिळालं असतं तर दसऱ्याची वाट बघायचीही गरज नव्हती.

"मला पित्ताचा त्रास आहे, ताई. मी दहीभाताशिवाय काही खात नाही," जयराज म्हणाला. "त्यामुळं चव बघून ठरवणं आपल्याला जमत नाही. आमच्या शेठनी नियमच केलाय, ॲव्हरेज रेटिंग साडेचारच्या वर पाहिजे. सोमवारी येतो आणि पक्कं करतो."

दीपमालानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूचे पीठ लागलेले हात धरून गोल गिरकी घेतली. "आत्या, आपण टॉप रेटेड आहोत. पलूस ते तासगाव, ह्या रस्त्याला सगळ्यात हाय रेटिंग आपलं. जगात कुणीपण फोन उघडला की दिसतं."

"जगात कुनीबी?" मनुबाईंनी विचारलं.

"कुणीपण."

मनुबाईंचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीला सगळ्यांनी नावाजलं ती गोष्ट टिकत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. शेजारणीनं म्हशीच्या धारेचं कौतुक केलं, म्हैस आटली. पाहुण्यांनी वीरधवलला 'काय बाळसं धरलंय' म्हटलं, त्याला गोवर निघाला. म्हणून त्यांच्या घरात तीट लावल्याशिवाय काही उघडं राहत नसे. वासराच्या कपाळाला काजळ, ट्रॅक्टरला काळी बाहुली, नव्या पाण्याच्या टाकीला उलटी टांगलेली जुनी चप्पल. आणि आता सुनेचं हॉटेल सगळ्या जगासमोर पाचपैकी पाच होऊन बसलं होतं, अंगावर काळा ठिपका नसलेल्या तान्ह्या बाळासारखं.

"दीपे," त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "ह्या चांदन्या कमी द्यायच्या असल्या तर कशा देत्यात?"

"पहिलीच दाबायची, की एक स्टार पडतो. पण असं कोण करतंय, आत्या?"

"न्हाई, सहज इचारलं."

मनुबाईंकडं वीरधवलचा जुना फोन होता. सुट्टी संपवून जाताना त्यानं नवा घेतला आणि हा आईला दिला. दुपारी सगळं आवरल्यावर त्यांनी अंगणात बसून हॉटेलचं पान उघडलं, हात जोडले आणि पहिली चांदणी दाबली. पाचाचं चार पॉइंट नऊ झालं. बाळाच्या कानामागं लावतात तेवढीच तीट, बघणाऱ्याला दिसणारही नाही. मनुबाईंना मोकळं वाटलं आणि त्या तिथंच लवंडल्या.

आता त्या फोनमध्ये अजून वीरधवलचंच नाव होतं, हे मनुबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दीपमालानं राजस्थानला फोन लावला.

"तुम्ही मला एक स्टार दिलात?"

"कसला स्टार?"

"नाव तुमचं. फोटो तुमचा, लग्नातला, फेटा बांधलेला. कडेला माझा खांदा पण दिसतोय त्यात."

"आगं, मी तर अजून हॉटेलात जेवलोच न्हाई."

"तेच म्हणते मी. जेवला नाहीत आणि लो रेटिंग देऊन मोकळे झालात. आवडत नव्हतं तर तेव्हाच नाही म्हणायचं. जगासमोर कशाला?"

तिनं फोन ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. वीरधवलनं रात्री आठ वेळा लावून पाहिला आणि मग फौजी माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं, कुमक बोलवायची. दुसऱ्या दिवशी त्यानं बराकीतल्या झाडून सगळ्या मित्रांना कामाला लावलं. केरळचा, बिहारचा, पंजाबचा, जो भेटेल त्यानं पाच-पाच चांदण्या दिल्या. एकानं 'मसूर मटण एक नंबर' असं लिहिलं. एकानं डोशाबद्दल आभार मानले.

नकाशा चालवणारं जे काही यंत्र असेल ते इतकंही भोळं नव्हतं. राजस्थानातल्या वाळवंटात बसून एवढ्या लोकांनी एकाच दुपारी पलूसजवळ भाकरी खाल्ली हे त्याला पटलं नाही. त्यानं ते सगळे अभिप्राय पुसले आणि त्या गडबडीत तासगावच्या खऱ्या गिऱ्हाइकांचेही बरेच पुसले.

"रेटिंग ड्रॉप झालं, मामा," चहाच्या वेळी दीपमालानं रिपोर्ट दिला. "चार पॉइंट आठ."

नाथाजी खुर्चीतून उठले. एरवी ज्या रेटिंगवर त्यांचा विश्वास नव्हता, त्याचं नुकसान झालेलं मात्र त्यांना सहन होईना. शिवाय वीरधवलनं दुपारीच फोन करून "आप्पा, माजं अकाउंट कुनीतरी हॅक केलंय" असं सांगितलं होतं. हॉटेल बंद पडलं तर फायदा कुणाचा, याचा विचार करायला सुभेदाराला वेळ लागत नाही. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि ते थेट पलूसला भाऊसोंच्या दुकानात उतरले.

"या दाजी, च्या सांगू?" भाऊसो युरियाच्या पोत्यावरून उठले.

"च्या ऱ्हाऊ दे. हॅक तू केलंस का?"

"काय केलं?"

"माज्या पोराच्या नावानं माज्या सुनंच्या हाटेलाला एक स्टार दिलास का न्हाई, त्येवढं सांग."

भाऊसोंना हा आरोप कळायलाच बराच वेळ लागला. कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "आवं दाजी, मला फोनवर फकस्त पाऊस बघाय येतो. स्टार कुठनं देऊ? आन गाळं मला पायजेत, व्हय, पर पोरीचं वाटोळं करून न्हवं. तुमी आसं बोललासा हे ध्यानात ठेवीन. आता शिकूनच घेतो ह्ये रेटिंग कसं देत्यात."

"शीक की. बघून घीन," असं म्हणून नाथाजी परत आले आणि आपल्या भावाला दम दिल्याबद्दल मनुबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आता घरात एकूण चित्र असं होतं, की सून नवऱ्याशी बोलत नव्हती, सासू सासऱ्याशी बोलत नव्हती आणि मेहुणा कुणाशीच बोलत नव्हता. मनुबाई चुलीपुढं बसून विचार करत होत्या. इतकी वर्षं सुखानं चाललेल्या घराला आठवड्यात काय झालं? उत्तर त्यांच्या दृष्टीनं सरळ होतं. नजर लागली होती. तीट लावायला उशीर झाला होता आणि लावली तीही अगदीच बारकी होती. एवढ्या मोठ्या हॉटेलाला एक ठिपका कसा पुरणार?

रविवारी दीपमाला सकाळीच मसूर शिजवून हळद आणि मिरची आणायला सांगलीला गेली. त्याच दिवशी मनुबाईंच्या बचत गटाची बैठक अंगणात होती. गटातल्या सगळ्या बायका रोज दुपारी कामावरून येताना हॉटेलात जेवायच्या आणि दीपमालावर त्यांचा फार लोभ. मनुबाईंनी विषय काढला तेव्हा कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

"एकच चांदनी दाबा," मनुबाई म्हणाल्या.

"आन खाली ल्ह्यायचं काय?" धोंडुबाईनं विचारलं.

"चांगलंच ल्ह्यायचं. तीट काळी असती, म्हनून काय लावताना शिव्या देत्यात व्हय?"

ते सगळ्यांना पटलं. लिहिता येत नव्हतं त्या फोनला तोंड लावून बोलल्या. मंगलचं पोट मसुरानं भरलेलं होतं, तिनं तर एवढं लांबलचक सांगितलं की फोनच दमला. सगळ्यांनी मनापासून एकेक तीट लावली, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेल्या.

दीपमाला सांगलीच्या बसमधून उतरली आणि सवयीनं तिनं फोन उघडला. तीन पॉइंट नऊ. एक चांदणी किती जणांनी दिली ते दाखवणारी रेघ लांब झाली होती. ती वडाखाली थांब्यावरच बसली. कोण काय म्हणतंय ते खाली जाऊन वाचायचं धाडस तिला झालं नाही. आपण उगाच स्वतःला फार समजत होतो, असं तिला वाटलं, आणि मिरचीची पिशवी मांडीवर घेऊन ती रडली. मिरचीमुळं डोळे चुरचुरतात असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला तेवढी सोय झाली.

घरी येऊन तिनं फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला.

"मामा, गाळे भाऊसोमामांना देऊन टाका. उद्या जयराज येणार नाहीत."

नाथाजींना यावर खूप काही बोलायचं होतं, पण चांगलं बोलायची सवय नसल्यामुळं ते जमेना. शेवटी "बरं," एवढंच म्हणून ते बाहेर गेले आणि ठिबकच्या नळ्यांवर विनाकारण ओरडले.

सोमवारी सकाळी भाऊसो टेप घेऊन हजर झाले. दाजींशी अबोला असल्यामुळं ते आत न जाता हॉटेलच्या बाकावर बसले. दारी आलेल्या माणसाला उपाशी ठेवायची रीत नसल्यामुळं दीपमालानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. आजवर त्यांनी या गाळ्यांची लांबी-रुंदीच बघितली होती, आत काय शिजतं ते चाखलं नव्हतं. पहिल्या घासाला त्यांनी टेप खिशात ठेवली. दुसरी भाकरी त्यांनी स्वतःहून मागितली.

तेवढ्यात एक पांढरी गाडी थांबली आणि हातात दहीभाताचा डबा घेतलेला एक किडकिडीत माणूस उतरला.

"मी जयराज. फोन का लागत नाही तुमचा, ताई?"

"पिठात आहे," दीपमाला म्हणाली. "कशाला आलात? रेटिंग बघितलं नाहीत?"

"बघितलं म्हणून तर आलो." जयराज बाकावर टेकला. "मी बेदाण्याची प्रतवारी करणारा माणूस. बॉक्समध्ये वरचा थर सगळेच हिरवागार, टपोरा लावतात. मी वरचं बघतच नाही. हात घालतो तो तळाला. माल कसा आहे ते तिथं कळतं. रेटिंगचंही मी तसंच करतो, पाच स्टारवाले अभिप्राय बघतच नाही, आधी एक स्टारवाले वाचतो."

दीपमालानं मान खाली घातली. जयराजनं फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली.

"धोंडुबाई. एक स्टार. 'दीपमालाच्या मसुराला तोड न्हाई. पोरीच्या हाताला यश येऊ दे.' मंगल. एक स्टार. 'रोज दोन भाकरी खाते, आज तीन खाल्ल्या. आशी सून समद्यास्नी मिळू दे, माज्या सासूला बी मिळाली हाय पर ती मीच हाय.' हे बरंच मोठं आहे, जाऊ दे. ही पुढची. एक स्टार. 'इडा पिडा टळू दे.'" त्यानं फोन खाली ठेवला. "मी मूळचा आटपाडीचा, ताई. माझ्या आईनं मी पहिला नंबर काढला की प्रगतिपुस्तकाच्या कोपऱ्यावर काजळाचं बोट उमटवलेलं असायचं. हे रेटिंग नाही. ही तीट आहे. कुणी लावायला सांगितली?"

मनुबाई भाकरीचं पीठ दोन्ही हातांना तसंच ठेवून चुलीपासून उठल्या.

"म्या," त्या म्हणाल्या. "पयली बी म्याच लावली. पाचपैकी पाच उघडं पडल्यालं बघवंना मला. आन नाव त्या वीरधवलचं का आलं ते मला ठावं न्हाई, देवाशपथ."

दीपमाला सासूकडं बघत राहिली. गेल्या आठवडाभरात तिनं मनातल्या मनात नवऱ्याला काय काय सुनावलं होतं ते सगळं तिला आठवलं आणि हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मनुबाईंच्या पिठाच्या हातासकट तिनं त्यांना मिठी मारली, तेव्हा तिच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले.

"पण तुमच्या शेठचा नियम?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"शेठ तासगावचेच. त्यांच्या नव्या गाडीखाली काळी बाहुली लटकते. त्यांना मी समजावतो. येत्या सौद्यापासून जेवण तुमचं, पक्कं." जयराजनं डबा उघडला, भाऊसोंच्या ताटातल्या मसुराकडं एकदा आशेनं बघितलं, आणि सुस्कारा सोडून दहीभात कालवला.

दीपमालानं पिठाच्या डब्यातून फोन काढला, झटकला आणि राजस्थानला लावला. ती आत जाऊन काय बोलली ते कुणी ऐकलं नाही, पण बोलणं बराच वेळ चाललं होतं. बाहेर आली तेव्हा नाथाजी आपला फोन हातभर लांब धरून उभे होते.

"दीपे, ह्ये कसं देत्यात ते जरा दाखिव."

तिनं पान उघडून दिलं. नाथाजींनी चष्मा पुसला, जाडजूड अंगठा चांदण्यांवरून एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं फिरवला आणि पहिल्या चांदणीवर दाबला. मग खाली काहीतरी टाइप केलं. दीपमालानं वाचलं. 'उरलाय का?'

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक होतं. एक स्टार. तिला फार बरं वाटलं.

"ओव्हरऑल रेटिंग?" नाथाजींनी घसा खाकरून विचारलं.

"तीन पॉइंट आठ, मामा."

"मेंटेन करा," नाथाजी म्हणाले आणि ताठ चालत मेहुण्याशेजारी जाऊन बसले. भाऊसोंनी न बोलता आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढं सरकवली. नाथाजींनी ती न बोलता घेतली. दोघांमधलं भांडण तेवढ्यावर मिटलं.

तेवढ्यात दीपमालाच्या हातातला फोन वाजला. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "भाऊसोमामा, तुम्ही?"

"शिकून घेतलं मी," भाऊसो बोटं चाटत अभिमानानं म्हणाले. "दाजीस्नी सांगितलंच हुतं. मसूर खाल्ला आन मनापासनं दिलं. पाचपैकी पाच."

मनुबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती परातीत पडली. त्यांनी सख्ख्या भावाकडं एकदा नीट बघितलं, दीपमालाला हाताला धरून उंबऱ्याशी पूर्वेकडं तोंड करून उभं केलं, आणि मुकाट्यानं मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या.